डाखाची पट्टी आणि माझा उजवा हात

हे मी बोलते आहे आणि माझी मुलगी कविता लिहून घेते आहे. तिला बजावलंय, माझ्या बोलण्यात साखर घालायची नाही. रडगाणं ऐकायला कुणाला वेळ नसतो. पण ट्रकच्या कामातल्या एखाद्या घरात कुणाचं पोट उगीच दुखत असेल, मनगटातली ताकद जात असेल, तर त्या घराने हे वाचावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

लातूरला नांदेड रस्त्यावर आमचं ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचं दुकान आहे. रेडिएटर म्हणजे इंजिनापुढची पितळी जाळी. तिच्यातून पाणी फिरतं आणि इंजिन थंड राहतं. जाळीला भोक पडलं की पाणी गळतं, गाडी तापते आणि ड्रायव्हर शिव्या घालत आमच्या दारात येतो. भोक बुजवायला डाख लावतात. डाख म्हणजे शिसं आणि कथील मिसळून केलेली पट्टी. बत्तीच्या जाळाने ती वितळवायची आणि भोकावर बसवायची. हे काम मी दहा वर्षं केलं.

दुकानात आम्ही तिघं. माझे मालक, म्हणजे कविताचे वडील, गाडीचा रेडिएटर उतरवायचे आणि परत चढवायचे, कारण ते ओझ्याचं काम. डाखाचं काम खलीलचाचांचं. चाचा साठीला आलेले, मालकांचे उस्ताद. मी आधी नुसती जेवणाचा डबा घेऊन जायची. एकदा चाचांना ताप होता, आणि बाहेर हरभऱ्याची गाडी खोळंबलेली. मी म्हटलं, द्या इकडे. माझी बोटं बारीक, जाळीच्या आत जातात. चाचांनी ते काम बघितलं आणि मालकांना म्हणाले, "उत्तम बेटा, तू आता फक्त पाने फिरव. कारागीर ही हाय."

तिसरा हात

डाख लावताना एका हातात बत्ती लागते. दुसऱ्या हाताने रेडिएटर तिरपा धरावा लागतो, नाहीतर वितळलेला डाख ओघळून खाली जातो. मग पट्टी कुठे धरायची? दातात. जाळ भोकावर नेमका आला की मान वाकवून पट्टीचं टोक तिथे टेकवायचं. चाचा म्हणायचे, कारागिराला तीन हात लागतात, तिसरा तोंडात असतो. मला हे जड गेलं नाही. वेणी घालताना आकडे दातात धरायची सवय प्रत्येक बाईला असते. पट्टी जरा गोडसर लागायची. मला ती चव आवडायचीसुद्धा. हे सांगायला आता लाज वाटते, पण खरं आहे.

आणि दुसरी चूक, जी सर्वस्वी माझी.

त्या वेळी लातूर उस्मानाबादपासून तुटून नवा जिल्हा झाला होता. रोज कुठे ना कुठे नवी पाटी लागायची, सिमेंट-विटांचे ट्रक दिवसभर धावायचे. त्यातच दुष्काळ पडला. लोक म्हणायचे, जिल्हा आला अन् पाणी गेलं. सगळ्यांचे धंदे बसले, आमचा मात्र वाढला. पाण्याचे टँकर रात्रंदिवस पळत होते आणि ड्रायव्हर रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी ओतत होते. जाळ्या क्षारांनी तुंबायच्या, फुटायच्या. दारात रांग असायची.

रेडिएटर गळतो की नाही हे बघायला आमच्याकडे सिमेंटचा एक हौद होता. रेडिएटर त्यात बुडवायचा, नळी लावून हवा भरायची. बुडबुडे आले की भोक सापडलं. वीज असली तर हवा पंपाने भरायची, नसली तर तोंडाने फुंकून. पूर्वी हौदाचं पाणी आठवड्याला बदलायचो. दुष्काळात आमच्या वस्तीत टँकर यायचा तो विहाराच्या पटांगणात, चार दिवसांनी एकदा, आणि घराला दोन हंडे. तेव्हा मी नियम केला: हौदाचं पाणी फेकायचं नाही. हात त्यातच धुवायचे. जेवणाचे डबेही त्यातच विसळायचे, वरून राख लावून पुसायचे. पिण्याच्या पाण्याचा रांजण मी कुलपात ठेवला होता. दिसायला हौदाचं पाणी काही वाईट नव्हतं, गाळ तळाला बसायचा. येणारे-जाणारे ड्रायव्हर म्हणायचे, "भाभींकडून सरकारनं शिकायला पाहिजे." मी फुगायची.

सात महिने ते पाणी बदललं नाही.

पोट

सुरुवात पोटाने झाली. बेंबीभोवती पीळ पडायचा, ओला कपडा पिळावा तसा. चार-चार दिवस परसाकडला होत नव्हतं. तोंडाची चव गेली, दोन जिने चढले की धाप लागायची. मी ओवा खाल्ला, एरंडेल प्याले. मग दवाखाने सुरू झाले.

पहिला डॉक्टर म्हणाला पित्त. दुसरा म्हणाला मुतखडा. तिसऱ्याने पोट दाबून बघितलं आणि मालकांना बाजूला घेऊन म्हणाला, आतडं अडकलं असेल, उघडून बघावं लागेल. प्रत्येक ठिकाणी कंपाउंडर केसपेपर करायचा. नाव, वय, धंदा. धंद्याला मालक सांगायचे, "घरकाम." मी शेजारी उभी असायची आणि मान हलवायची. ते खोटं बोलत होते असं त्यांना वाटतच नव्हतं. बायको बत्ती घेऊन ट्रकच्या जाळ्या सांधते हे चारचौघांत सांगायचं नसतं, एवढंच. मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. दवाखान्यात येताना मी हात घासून, इस्त्रीची साडी नेसून यायची. डॉक्टरांना कळणार तरी कसं?

पोट उघडायला मी नकार दिला. मालक म्हणाले, "घाबरतेस का?" मी म्हटलं, "हाव, घाबरते. माझ्या पोटात काय हाय हे ज्याला ठाऊक न्हाई, त्यानं कामून उघडावं?"

मग हात गेला. सकाळी भाकरी तव्यावर टाकायला हात उचलला आणि मनगट खाली पडलं. दुखलं नाही, काही नाही. पंजा नुसता लोंबत होता, सुकलेल्या फांदीला पान लोंबावं तसा. मी डाव्या हाताने तो वर केला, सोडला, परत पडला. तीनदा करून बघितलं. भाकरी परातीतच राहिली. पोटाच्या दुखण्याला मी कधी भ्याले नव्हते. त्या दिवशी मात्र भ्याले, चुलीपुढे बसूनच राहिले. हात नाही तर मी काय? स्वयंपाक नाही, वेणी नाही, बत्ती नाही.

मालकांनी दुकान बंद केलं आणि आम्ही नांदेडच्या एसटीत बसलो.

मिसरी

नांदेडच्या डॉक्टरबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी हात बघितला, पोट बघितलं, शेवटी तोंड उघडायला सांगितलं.

"मिसरी कधीपासून लावता?"

"मिसरी? बोट लावलं न्हाई मी कधी."

"खोटं नका बोलू बाई. हिरड्या काळ्या पडल्यात."

"सासूनं डबी पुढं केली तरी घेतली न्हाई. वास घेऊन बघा तोंडाचा."

मला खरंच राग आला होता. आमच्याकडे निम्म्या बायका मिसरी लावतात, त्यामुळे काळ्या हिरड्या दिसल्या की कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. आधीच्या तिघांनीही बघितल्या असतील आणि मनात म्हटलं असेल, लावते मिसरी. डॉक्टरबाई मात्र थांबल्या. बॅटरी आणली, कापसाने हिरडी घासली. कापूस पांढराच राहिला. दात जिथे हिरडीला मिळतो बरोबर तिथे, पेन्सिलीने ओढावी तशी निळसर काळी रेघ होती.

"काम काय करता?"

"घरकाम," मालक म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझा पंजा मांडीवर उलटा पडलेला होता. मला वाटलं, आता इथे तरी मान हलवण्यात काय अर्थ आहे.

"मी डाख लावते," मी म्हणाले.

"काय लावता?"

"ट्रकच्या रेडिएटरला डाख. शिशाचा."

मालकांनी मान खाली घातली. बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "करून दाखवा बरं. कसं लावता?"

करून काय दाखवणार, उजवा हात तर मेलेला. मी डाव्या हातात बत्ती धरल्यासारखं केलं, उजवं कोपर रेडिएटरखाली असल्यासारखं वर उचललं, मान वाकवली.

"दातात काय धरलंय तुम्ही?"

मला कळलंच नाही. नुसत्या आठवणीने माझे दात घट्ट मिटले होते, ओठ मागे गेले होते.

"पट्टी," मी म्हणाले.

केसपेपरवरचं 'घरकाम' खोडून बाईंनी काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "रक्त हैदराबादला पाठवावं लागेल. पण मला उत्तर ठाऊक आहे. तुमच्या अंगात शिसं गेलंय. पोट त्यानेच दुखतं, रक्त त्यानेच कमी झालं, हात त्यानेच पडला."

"हात परत येतो का?"

"नस झोपली आहे. शिसं काढलं की बहुतेक जागी होईल. कधी आणि किती, ते मी सांगणार नाही. खोटा धीर द्यायची मला सवय नाही."

मला त्या बाई आवडल्या.

कॅन

इलाज सोपा आणि कंटाळवाणा होता. पाच दिवस सलाईनमधून औषध, काही दिवस सुट्टी, परत पाच दिवस. ते औषध शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. म्हणून दिवसभराची सगळी लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवायची. एका हाताने ते कसं जमवायचं हे मी सांगत नाही. ज्यांच्यावर वेळ येईल त्यांना जमेल. मनगटाला लाकडी फळी बांधली होती, म्हणजे पंजा लोंबून नसा ताणायच्या नाहीत. आणि हुकूम होता, भरपूर पाणी प्या. गोदावरीत वाळू दिसत होती, नातेवाईक डोक्यावरून घागरी आणत होते आणि मला म्हणे पाणी प्या. पहिले दोन दिवस माझ्या घशाखाली ते उतरेना. पेला हातात घेतला की मी मनातल्या मनात त्याची वाटणी करायला लागायची.

शेजारच्या खाटेवर गिरजाबाई होती, इस्लापूरकडची. रोजगार हमीच्या कामावर दगड पायावर पडून तिचा पाय मोडला होता. दवाखाना लहान, सगळ्या बायका एकाच खोलीत. ती मला पाणी पिताना बघायची.

"काय गं, दवा पिऊन राहिली का पाणी?"

"पाणीच. पण गिळवत न्हाई. पाप केल्यावानी वाटतंय."

"पी गुमान. आमच्या सहस्रकुंडाचा धबधबा आटला, तुझ्या एका पेल्यानं काय होतंय!"

ती हसली की खाट हलायची आणि मोडलेला पाय दुखून ती स्वतःलाच शिव्या द्यायची. चार-पाच दिवसांत आमची वाटणी ठरून गेली. तिला हात होते, मला पाय. तिला लागेल ते मी आणून द्यायची. माझी वेणी ती घालायची, भाकरी कुस्करून द्यायची, साडीच्या निऱ्या करून द्यायची. निऱ्या फार वाईट करायची. मी म्हणायची, "अगं, पोत्याला गाठ मारल्यासारखं दिसतंय." ती म्हणायची, "मग जा की लातूरला, तुझ्या जिल्ह्याच्या साहेबाकडून घालून घे." त्या खोलीत माणसाला आणखी काय लागतं? औषधाने शिसं काढलं, पण दिवस गिरजाबाईने काढले.

रोज सकाळी डॉक्टरबाई फळी सोडून सांगायच्या, पंजा वर करा. मी सगळा जीव मनगटात आणायची. खांदा उचलायचा, मान ताठ व्हायची, कपाळाला घाम यायचा. पंजा हलायचा नाही. बाई म्हणायच्या, "उद्या." मी म्हणायची, "उद्या."

घरचं

मालक दर दोन दिवसांनी यायचे. तिसऱ्या भेटीत आमचं भांडण झालं. ते म्हणाले, "डॉक्टरीण काहीही सांगते. मी त्याच दुकानात, चाचा तीस वर्षं त्याच धुरात. आम्हाला का न्हाई झालं?"

"तुम्ही पट्टी दातात धरता का?"

"मी तुला बोलावलं नव्हतं कामाला."

मी म्हटलं, "बोलावलं नव्हतं. पण दहा वर्षं हाकललंही न्हाई." ते उठून बाहेर गेले. एसटी चुकवून संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, असं नंतर कळलं. तो राग खरा राग नव्हता. त्यांनाच भीती वाटत होती, आणि आमच्याकडे पुरुषाला भीती वाटली की तो हिशेबाला बसल्यासारखा बोलतो: हे मी केलं, हे तू केलं.

मला वेगळीच भीती होती. दुष्काळात मी दुकानाचे कपडे आणि कविताचे शाळेचे कपडे एकाच पाण्यात भिजवत होते. आधी तिचे, मग त्याच पाण्यात आमचे, असा माझा हिशेब असायचा; पण घाई असली की सगळे एकदमच. शिसं कपड्यावरून घरात येतं हे बाईंनी सांगितलं. मुलीचं रक्त तपासायला मी ताबडतोब सांगितलं. उत्तर येईपर्यंतचे दिवस मी मोजले नाहीत. तिच्या रक्तात शिसं होतं, पण थोडं; औषधाची गरज नव्हती, घर स्वच्छ ठेवा, परत तपासा, एवढंच. मालकांचंही निघालं, तिच्याहून जास्त, माझ्याहून कमी. तो कागद हातात आल्यावर लातूरला जाऊन त्यांनी घणाने हौद फोडला. तो मला विचारून फोडायला हवा होता, कारण त्यातला गाळ हाताने उचलायचा नव्हता. पण माणसाला कधीकधी फोडू द्यावं लागतं.

दुसऱ्या फेरीच्या चौथ्या दिवशी पंजा हलला. एवढासा. उंदीर पोत्याखाली हलावा तसा. मी ओरडले नाही. गिरजाबाईने ओरडायचं काम केलं.

जे आता दुकानात चालतं

कुणी विचारतं म्हणून सांगते. पट्टीला आम्ही लोखंडी चिमटा केलाय, तो रेडिएटरच्या चौकटीला अडकवता येतो. काम जरा हळू होतं, ड्रायव्हर कुरकुरतात, कुरकुरू देत. हवा तोंडाने फुंकायची नाही, वीज नसेल तर सायकलचा पंप. हौद नवा बांधला, त्याच्या पाण्यात रेडिएटरशिवाय काहीही जात नाही. पाणी कितीही कमी असलं तरी पहिला तांब्या हातांचा, साबण लावून, आणि मग भाकरी. घरी पाण्याची ओढ झाली तर मी भांडी राखेने घासते, पण हातांचं पाणी तोडत नाही. दुकानाचे कपडे दुकानातच राहतात. बत्ती उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून.

आणि डॉक्टरकडे गेलात तर काम खरं सांगा. डॉक्टरने नाही विचारलं तरी सांगा. बाईमाणूस असाल तर दोनदा सांगा.

चाचा

एकच काम राहिलं होतं. खलीलचाचा.

मी दवाखान्यात असताना ते एकदा भेटायला आले होते. मोसंबी आणली होती. मालकांनी त्यांना सगळं सांगितलेलं. ते खाटेच्या कडेला बसले आणि नेहमीसारखी गंमत करायला लागले: "जयभीम शोभाबेटी. नुसती झोपून खाऊन राहिली की काय तू? तिकडं टँकरवाले विचारतात, कारागीर कुठाय?" मोसंबी सोलताना त्यांचा हात थरथरत होता. हसले तेव्हा मी त्यांच्या हिरड्यांकडे बघितलं. पानाने सगळं तोंड लाल, काही दिसेना. पण पोटात वायू धरतो म्हणून ते वर्षानुवर्षं ओव्याची पुडी खिशात ठेवत, हे मला ठाऊक होतं. आम्ही सगळे त्यावर हसायचो.

"चाचा, तुम्हीपण रक्त द्या."

"नक्को बेटी. तीस साल झाले, मी हाय ना जिंदा?"

मी घरी आले तरी तेच. फळी बांधलेला हात घेऊन रोज दुकानात बसायची, रोज म्हणायची, आणि ते रोज काहीतरी विनोद करून टाळायचे. एक दिवस मी चिडून म्हटलं, "मला कुणी शिकवलं दातात धरायला?" त्यांनी चिमटा खाली ठेवला, चप्पल घातली आणि गेले.

आठ दिवस आले नाहीत. माझ्या तोंडून गेलं ते खरं होतं, पण खरं बोलायची पण एक रीत असते, आणि ती मला कधी जमली नाही. नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बीबी दारातच म्हणाली, "रात से लोट रहे हैं, पोट धरून. काही खात न्हाईत." चाचा बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. मला बघून उठायला लागले.

"चाचा, त्या दिवशीचं मनात ठेवू नका."

"ठेवू नको कसं?" ते म्हणाले. "सच तो बोली तू. माझ्या उस्तादानं मला शिकवलं, मी तुला. उस्तादाचे हात पण शेवटी असेच लोंबत होते. आम्ही म्हणालो, म्हातारपण."

"मग चला."

"माझं पण निघालं तर, बेटी? हाताशिवाय मला काय येतं? तू शिकलेली, हुशार. माझ्याकडं हातच हाय एक."

मी काही समजावलं नाही. बीबीला पिशवी भरायला सांगितली, पाण्याची बाटली घेतली, आणि एसटीच्या खिडकीजवळ त्यांना बसवलं.

नांदेडला डॉक्टरबाईंनी त्यांना चूळ भरायला लावली, पानाचा रंग गेला, आणि रेघ दिसली. माझ्यापेक्षा जाड. बाईंनी मला हाताने खूण केली की तुम्ही बोला, आणि रक्त काढायची तयारी करायला वळल्या.

चाचा स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीत दाबून, थरथर दिसू नये म्हणून. बाही खाली ओढलेली, गुंडी लावलेली.

"शोभा," ते म्हणाले. बेटी नाही म्हणाले. "एक सांग. हात परत येतो का? डॉक्टरणीचं नको सांगू. तुझं सांग."

मला वाटलं, येतो म्हणून टाकावं. माणूस घाबरलाय. मग मी फळीचे पट्टे सोडले आणि उजवा हात त्यांच्यासमोर धरला. मनगट वर आलं. सरळ राहिलं. बोटं मात्र अर्धी मिटलेलीच, मी जोर लावला तरी मधली दोन उघडेनात, आणि थोड्या वेळाने सगळा पंजा कापायला लागला. तरी मी तो खाली घेतला नाही, त्यांना नीट बघू दिलं.

"मनगट आलंय," मी म्हटलं. "बोटं येतायत. सगळी येतील की न्हाई मला ठाव न्हाई. बत्ती धरवत न्हाई अजून. पेला धरवतो."

त्यांनी माझा पंजा दोन्ही हातांत घेतला, उलटापालटा केला, एकेक बोट सरळ करून बघितलं, जाळीचा एकेक पदर तपासावा तसं. कुठलंही बोट त्यांनी सोडलं नाही.

मग माझा हात हलकेच माझ्या मांडीवर ठेवला आणि बाहीची गुंडी काढायला लागले. गुंडी त्यांना निघेना. मी हात पुढे केला नाही. त्यांची त्यांनीच काढली, आणि बाही कोपरापर्यंत वर केली.